तपासणीचा शेरा वाईट आला: मुख्याध्यापकाने काय करावे, कोणत्या क्रमाने

दिवाळीची सुट्टी संपली की वार्षिक तपासण्यांचे दिवस येतात. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे, प्रमुख) आणि सोबत शिक्षकांना मार्गदर्शन करणारा एखाददुसरा साधनव्यक्ती सकाळी शाळेत येतात, परिपाठ बघतात, वर्गात मुलांना वाचायला लावतात, कपाटातली रजिस्टरे टेबलावर मागवतात आणि संध्याकाळी शेरेबुकात चार ओळी लिहून निघतात. सविस्तर अहवाल पंचायत समितीतून मागाहून येतो. चांगला असला तर तो कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. वाईट असला तर संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो केंद्राच्या ग्रुपवर असतो आणि सकाळी चहाच्या टपरीवर त्याची चर्चा असते.

हा लेख त्या दिवसापासूनच्या साधारण तीन महिन्यांसाठी आहे. डोळ्यांसमोर जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा धरली आहे: पट ६४, शिक्षक तीन, त्यांतलेच एक प्रभारी मुख्याध्यापक. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६१ ते ९० पटाला तीन शिक्षक मिळतात. म्हणजे कागदावर शाळा पूर्ण, आणि प्रत्यक्षात पाच वर्ग तीन जणांत कायमचे वाटलेले. तुमची शाळा द्विशिक्षकी असेल किंवा सातवीपर्यंतची असेल तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

क्रमावर एवढा भर अशासाठी, की वाईट अहवालाला दोन उत्तरे द्यावी लागतात. एक पंचायत समितीला, दुसरे वर्गात. बहुतेक शाळा पहिले उत्तर आधी देतात आणि तिथेच थांबतात. रात्री जागून टाचणे (पाठांच्या पूर्वतयारीची टिपणे) पूर्ण होतात, आठवड्याभरात पूर्तता अहवाल, म्हणजे प्रत्येक शेऱ्यावर काय केले ते सांगणारे उत्तर, जातो, साहेब फाइल बंद करतात. पुढच्या वर्षी तपासणीत वाचता न येणाऱ्यांमध्ये तीच सात नावे निघतात, फक्त ती आता तिसरीऐवजी चौथीत असतात. वर्गातले काम आधी सुरू झाले, तर कागदावर लिहायला काहीतरी खरे हाताशी असते.

पहिला दिवस: खुलासा लिहू नका

अहवाल हातात पडल्यावर पहिली ऊर्मी खुलासा लिहिण्याची असते. त्या दिवशी बाजार होता, मुले घाबरली, एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला होता. हे सगळे खरे असेलही. तरी रागात लिहिलेले पत्र आवक-जावक रजिस्टरात नोंदले गेले की परत घेता येत नाही. एक दिवस जाऊ द्या.

थांबायचे नाही ते मुलांच्या जिवाशी संबंधित शेऱ्यांवर. उघडी वायर, टाकीवर झाकण नसणे, धान्याला लागलेली कीड, मुलींच्या शौचालयाला कडी नसणे, भिंतीपासून सुटलेले छत. यांतल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच दिवशी काहीतरी करता येते: त्या खोलीला कुलूप, त्या पोत्याचा वापर बंद, तारतंत्र्याला फोन. दुरुस्ती नंतर होईल, धोका आज बंद झाला पाहिजे. मुलांना मारल्याची किंवा घालूनपाडून बोलल्याची नोंद अहवालात असेल तर ती याच यादीत सर्वांत वर घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, आणि 'बाई जुन्या वळणाच्या आहेत' हे त्यावरचे उत्तर नव्हे. तक्रारपेटी आहे का, ती कोण उघडते, मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीची शेवटची बैठक कधी झाली, हेही त्याच दिवशी तपासा. तक्रारपेटीला कुलूप असते आणि किल्ली कोणालाच सापडत नाही, अशा शाळा कमी नाहीत.

अहवाल वाक्यावाक्याने फोडा

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अहवालाची झेरॉक्स काढा आणि पेन घेऊन बसा. अहवालाची भाषा गोळाबेरीज असते. नमुन्यादाखल असा शेरा बघा:

'विद्यार्थ्यांची गुणवत्ता असमाधानकारक. इ. तिसरीच्या काही विद्यार्थ्यांना वाचन येत नाही. टाचण अद्ययावत नाही. पोषण आहार नोंदीत तफावत. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा नियमित नाहीत. परिसर स्वच्छता सुधारणे आवश्यक.'

यात सहा वाक्ये आहेत, पण ती एकाच वजनाची नाहीत. प्रत्येकासमोर एक अक्षर लिहा. 'व' म्हणजे वर्गातले: वाचन, गणित, अध्यापन. 'क' म्हणजे कागदाचे: नोंदी, टाचण, इतिवृत्त. 'ह' म्हणजे हिशेबाचे: धान्य, पैसे, साठा. 'ब' म्हणजे बाहेरचे: ज्यासाठी ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा बांधकाम विभाग हलला पाहिजे.

हिशेबाचे शेरे मी मुद्दाम कागदाच्या शेऱ्यांपासून वेगळे काढतो. टाचण अपुरे असणे ही शिस्तीची बाब आहे. धान्याच्या साठ्यातली तफावत ही चौकशीची बाब होऊ शकते. दोन्ही एकाच 'रेकॉर्ड' या शब्दाखाली टाकले की माणूस टाचणात रात्री घालवतो आणि जिथे मान अडकते ते तसेच राहते.

मग प्रत्येक 'व' वाक्याला प्रश्न विचारा: किती मुले, कोणती, नेमके काय येत नाही? 'काही विद्यार्थी' म्हणजे तीन की नऊ? तपासणाऱ्याने पाठ्यपुस्तकातला कोणता उतारा दिला होता? हे कळत नसेल तर केंद्रप्रमुखांना फोन करून विचारा. वाद घालायला नव्हे, नावे मिळवायला. बहुतेक केंद्रप्रमुखांकडे त्या दिवशीची कच्ची टिपणे असतात, आणि विचारल्यावर ते देतात.

शेऱ्यात वस्तुस्थितीची चूक असेल तर? ती जरूर दाखवा, पण पुरावा असेल तेवढीच. सभा झाल्या आहेत, इतिवृत्तावर सह्या आहेत आणि तपासणीच्या दिवशी वही फक्त सापडली नाही, तर पानांच्या प्रती जोडून तसे कळवा. 'मूल घाबरले म्हणून वाचले नाही' यावर मात्र भांडू नका. ते खरे आहे की नाही हे आठवड्याभरात तुम्हालाच कळणार आहे.

तिघांची बैठक

शिक्षकांना अहवाल पूर्ण वाचून दाखवा, सारांश सांगू नका. पण त्याआधी एक काम करा: शेऱ्यात ज्या वर्गाचा उल्लेख आहे त्या वर्गशिक्षकाशी एकट्याने बोला. सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकायला लागले तर पुढची दहा मिनिटे तो बचावात घालवतो आणि नंतरचे तीन महिने अबोल्यात. 'सर, तुमच्या वर्गावर शेरा आहे, उद्या बैठकीत वाचणार आहे, तुमचं काय म्हणणं आहे ते आधी मला सांगा' एवढे पुरते. कधी कधी त्यातून माहिती बाहेर येते. हा वर्ग वर्षभरात तीन जणांकडे फिरला, किंवा पहिलीत असताना या मुलांना पूर्णवेळ शिक्षकच नव्हता.

बैठकीत दोषी शोधायचा नाही, पण सगळे ढकलून देण्याचीही सोय ठेवायची नाही. ऑनलाइन माहिती, प्रशिक्षण, बीएलओचे (मतदार यादीचे) काम यांत वेळ जातो ही तक्रार निघणारच, आणि ती खोटी नाही. कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई करते. प्रत्यक्षात काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावर चडफडत बसण्यापेक्षा एक साधी नोंद सुरू करा: कोणता शिक्षक, कोणत्या तारखेला, किती तास, कोणाच्या पत्राने किंवा मेसेजने वर्गाबाहेर गेला. महिन्याभराची अशी एक पानी नोंद केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, ठेवली तर तिच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते. 'आम्हाला शिकवू द्या' ही घोषणा आहे. 'नोव्हेंबरमध्ये तिघांचे मिळून ४१ तास वर्गाबाहेर गेले, पत्रे सोबत' असे काही लिहून दिले तर तो मुद्दा होतो.

बैठकीतून फक्त एकच निर्णय घेऊन उठा: येत्या आठवड्यात तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाचे वाचन आणि गणित आपण स्वतः तपासायचे.

स्वतः मोजा, एकेका मुलाला

सगळ्या कामात हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका हाच घाईत उरकला जातो. वर्गात उतारा फळ्यावर लिहून सगळ्यांना एका सुरात वाचायला लावणे ही तपासणी नाही. पुढच्या बाकावरची चार मुले वाचतात, बाकीची ओठ हलवतात. लेखी चाचणीही पुरेशी नाही, कारण वाचता न येणारे मूल लेखी चाचणीत नुसते कोरे राहते आणि कुठे अडले ते कळत नाही.

तोंडी, एकेका मुलाला वेगळे बोलावून तपासा. 'प्रथम' संस्था २००५ पासून मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या असर सर्वेक्षणासाठी जे साधन वापरते त्याची पद्धत साधी आहे आणि कोणत्याही शाळेला उचलता येते: अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. आधी परिच्छेद द्या. तो जमला तर गोष्ट द्या, अडले तर शब्दांवर या, तिथेही अडले तर अक्षरांवर. मूल जिथे आरामात वाचते ती त्याची पातळी. गणितात अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, एक अंकी भाजकाने भागाकार. एका मुलाला दहा मिनिटे धरली तरी या तीन वर्गांच्या ३८ मुलांचे काम दोघांत चार दिवसांत, रोज पाऊण-एक तासात होते.

काही बारकावे. वर्ग अदलाबदल करून तपासा, आपल्या मुलांना आपण नकळत ओठांनी मदत करतो. मुलाला बाहेर ओट्यावर, शेजारी बसवून घ्या, टेबलापलीकडे उभे करू नका. पाठ्यपुस्तकातला उतारा वापरू नका, तो पाठ असतो. पहिला शब्द अडला तर थांबा, मनात दहा मोजा. आणि जे दिसेल ते लिहा. पातळी एक पायरी वर चढवून लिहिण्याचा मोह इथेच होतो, आणि ती खोटी पायरी पुढे तुमच्याच अंगावर येते, कारण दुसऱ्या मोजणीत सुधारणा दाखवायला जागाच उरत नाही.

नुसती पातळी लिहून थांबू नका, अडचण काय होती तेही शेजारी लिहा. 'रफार चुकतो', 'वेलांटी डावी-उजवी', 'जोडाक्षर तोडून वाचतो', 'वाचतो पण विचारल्यावर सांगता येत नाही'. संख्यांच्या बाबतीत जरा सबुरीने घ्या. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत मोठी माणसेही गडबडतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास नऊ' अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. मूल ५९ ला 'पन्नास नऊ' म्हणाले तर त्याला संख्या कळली आहे, नाव आठवले नाही. हे दोन वेगळे दोष आहेत, त्यांवरचे उपायही वेगळे.

समजा, तिसरी ते पाचवीच्या ३८ पैकी ३६ मुले तपासली आणि निकाल असा आला: अक्षरेही न ओळखणारी २, अक्षर पातळीवर ५, शब्द पातळीवर ७, परिच्छेद वाचणारी ९, गोष्ट वाचणारी १३. म्हणजे १४ मुले परिच्छेदापर्यंत पोहोचलेली नाहीत. आता अहवालातल्या 'काही विद्यार्थी' या शब्दांना नावे मिळाली. तुलनेसाठी एक माप हाताशी ठेवा: पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या लक्ष्यांत दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द समजून वाचणे अपेक्षित आहे.

या १४ नावांची यादी घेऊन हजेरीपट उघडा. निम्मी नावे तरी बहुधा तिथेच उलगडतात: कोण महिनाभर ऊसतोडीला आईबापांबरोबर होते, कोण लहान भावंड सांभाळायला घरी राहते, कोण सोमवारी येतच नाही. उरलेल्यांपैकी एखाद्याला फळा दिसत नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा या मुलांची नावे मुद्दाम पुढे करा. पथक यायला वेळ असेल तर त्यांना फोन करा, नाहीतर ग्रामीण रुग्णालयात पाठवा. आणि नंदुरबारच्या पावरीभाषक वस्तीत, मेळघाटातल्या कोरकू गावात किंवा गडचिरोलीच्या गोंडी, माडिया पाड्यावर शाळा असेल तर 'वाचता येत नाही' याचा अर्थ अनेकदा 'ज्या भाषेत वाचायला सांगितले ती अजून येत नाही' असा असतो. तिथे अक्षरगिरवणी वाढवून काही साधत नाही. आधी बोलण्याचे, चित्रावर गप्पांचे, दोन्ही भाषांतल्या शब्दांचे काम हवे.

वर्गात काय बदलायचे

तीन शिक्षक, पाच वर्ग, आणि रोजचा एक तास. एवढाच बदल मागा, पण तो मोडू देऊ नका. परिपाठानंतरचा पहिला तास तिसरी ते पाचवीसाठी इयत्तेचा न राहता पातळीचा करा. एक शिक्षक पहिली-दुसरीच्या २६ मुलांकडे. दुसऱ्याकडे परिच्छेदापर्यंत न पोहोचलेली १४ मुले, मग ती तिसरीतली असोत की पाचवीतली. तिसऱ्याकडे उरलेली २२ आणि त्या दिवशी न सापडलेली दोघे, त्यांची तपासणी होईपर्यंत.

चौदा मुलांचा गट कोणाला द्यायचा यावर शाळेचे नशीब ठरते. ज्याला सर्वांत चांगले शिकवता येते त्याला द्या. रिवाज उलटा आहे: हुशार मुले चांगल्या शिक्षकाकडे, कारण शिष्यवृत्ती परीक्षेत नाव निघते. आणि हा गट प्रभारी मुख्याध्यापकाने स्वतःकडे घेऊ नये, कितीही इच्छा असली तरी. आठवड्यातून एकदा तालुक्याला बैठक, एकदा बँक, एकदा ऑनलाइन माहिती, असे तीन तास गेले की गट विस्कटतो. त्याने २२ जणांचा गट घ्यावा. गोष्ट वाचणारी तेरा मुले तास-दीड तास पुस्तकात रमू शकतात.

गटांना 'अप्रगत' म्हणू नका. शब्द हजेरीवर लिहिला नाही तरी मुलाला तो कळतो आणि गावालाही. फुलांची, नद्यांची, काहीही नावे द्या.

तासात काय करायचे? पंधरा मिनिटे गप्पा आणि एक छोटी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणे, शिक्षकाचे बोट ओळीखाली. पंधरा मिनिटे बाराखडी तक्त्यावर काम: एकाच मुळाक्षराला काना, वेलांटी, उकार, मात्रा लावून शब्द बनवणे, मुलांनी बनवलेलेच शब्द फळ्यावर. वीस मिनिटे जोडीने वाचन, शिक्षक एकेका जोडीशेजारी बसतो. शेवटी प्रत्येकाने एक ओळ स्वतःची लिहायची, चुकीची चालेल. गणितासाठी दुपारचा अर्धा तास याच पद्धतीने: काड्यांचे दशकाचे गठ्ठे, खोट्या नोटा, आणि हातच्याची वजाबाकी कागदावर येण्याआधी गठ्ठा सोडून दाखवणे. गठ्ठा न सोडता 'शेजाऱ्याकडून उसना घे' शिकलेली मुले ४०२ मधून १३७ वजा करताना हमखास अडकतात, कारण मधल्या शून्याकडे उसने द्यायला काही नसते.

दर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि जे मूल वर चढले त्याला त्याच दिवशी पुढच्या कामाला लावा. गट म्हणजे वर्षभराची जागा नव्हे.

आणि उरलेल्या वेळात इयत्तेचा अभ्यासक्रम चालूच राहतो. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, तिचा धाक शिक्षकांच्या मनात असतोच. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकाकडून दोन्ही मागते: अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणे, आणि प्रत्येक मुलाची क्षमता तपासून लागेल ते जादा अध्यापन देणे. दोन्हीत ओढाताण होते. ती झाली की मी दुसऱ्या बाजूला झुकेन, कारण न वाचता येणाऱ्या मुलापुढे पूर्ण केलेला अभ्यासक्रम त्याच्या नावावर फक्त खर्ची पडतो.

मग कागद

मागच्या तारखांची टाचणे लिहू नका. तपासणीच्या दिवशी जे पान कोरे होते ते साहेबांनी पाहिले आहे, त्याखाली सहीही केलेली असते. त्याच्या मागची पाने आता भरली तर कामात हयगय होती तिथे बनावट नोंद होते. आजच्या तारखेपासून सुरू करा आणि तशी कबुली पूर्तता अहवालात द्या. टाचणही कामाचे लिहा: उद्देश अर्धे पान आणि कृती दोन ओळी, या जुन्या साच्याऐवजी कोणत्या गटाला आज काय देणार आणि मागच्या वेळी कोण अडले होते. चार ओळींचे खरे टाचण दोन पानांच्या उतरवलेल्या टाचणापेक्षा बरे. बहुतेक विस्तार अधिकारी हे मान्य करतात, निदान तोंडी.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आले तेव्हापासून मुलांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी हा एक वेगळाच साहित्यप्रकार झाला आहे. 'आवडीने सहभाग घेतो' हे वाक्य बाजारातल्या तयार पुस्तिकेतून सगळ्या शाळांत पोहोचले. तुमच्याकडे आता वाचनाच्या मोजणीतली शेजारची नोंद आहे, 'रफार चुकतो'. तीच इथे उतरवा, वेगळे काही सुचवावे लागत नाही.

हिशेबाच्या शेऱ्यांसाठी एक दुपार राखून ठेवा. पोषण आहाराची तपासणी अशी करा: प्राथमिक गटाला प्रति विद्यार्थी १०० ग्रॅम धान्य. एखाद्या दिवशी हजेरीपटावर ५८ असतील तर तांदूळ ५.८ किलो खर्च पडला पाहिजे. नोंदवहीत पटाप्रमाणे ६४ जणांचे ६.४ किलो पडले असतील तर रोज ६०० ग्रॅम आणि वीस दिवसांत १२ किलोची तफावत झाली. वर्गाचा हजेरीपट, आहार नोंदवही आणि पोषण आहाराच्या ॲपवर भरलेली संख्या, तिन्ही आकडे मागच्या महिन्यासाठी शेजारी शेजारी मांडा. मग पोती प्रत्यक्ष वजन करा. फरक निघाला तर तो आहे तसा, कारणासह, समितीसमोर लिहून ठेवा. आकडा जुळवण्यासाठी हजेरी खोडू नका. हजेरीपटावरची खाडाखोड ही तांदळापेक्षा महागात पडते. आहार चाखणाऱ्याने सही करायच्या चव नोंदवहीवर महिन्याभराच्या सह्या एकाच पेनाने एका दमात झालेल्या असतील तर तेही तपासणाऱ्याला दिसते.

संयुक्त शाळा अनुदानाचे बघा. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे ३१ ते १०० पटाला वर्षाला २५ हजार रुपये, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. 'परिसर स्वच्छता सुधारणे आवश्यक' असा शेरा असताना त्या खात्यावर स्वच्छतेचा एकही खर्च दिसत नसेल तर पूर्तता अहवालात लिहायला काहीच उरत नाही. कॅशबुक, पासबुक आणि पावत्या जुळवून घ्या.

समिती आणि गाव

अहवाल लपवण्यात अर्थ नसतो, तो आधीच गावात पोहोचलेला असतो, तोही तिखटमीठ लावून. शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलवा. समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. शेरे वाचून दाखवा आणि लगेच मोजणीचा तक्ता ठेवा, नावांशिवाय. नावे फक्त त्या त्या पालकाला, घरी जाऊन. भर सभेत 'तुमच्या पोराला वाचता येत नाही' ऐकलेला बाप पुन्हा शाळेत येत नाही, आणि संध्याकाळी मुलाला मारतो.

समितीकडून काय हवे ते नेमके मागा. 'सहकार्य करावे' असे इतिवृत्तात लिहिले की कोणालाच काही करावे लागत नाही. अमुक वस्तीवरच्या चार मुलांना सकाळी सोबत घेऊन येणारी एक व्यक्ती. आठवड्यातून एकदा आहाराची चव घ्यायला दोन आया, वाटून घेतलेले वार. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांशी कारखाना सुरू होण्याआधी बोलणे: मूल आजीकडे राहील का, गावात हंगामी वसतिगृह आहे का. जावेच लागले तर शिक्षण हमी कार्ड देऊन तिकडच्या शाळेत नाव पोहोचवणे. माता-पालकांना रोज दहा मिनिटे मुलाकडून एक पान वाचून घ्यायला सांगा. स्वतःला वाचता येत नसले तरी ऐकता येते.

'ब' अक्षराचे शेरे ग्रामपंचायतीकडे लेखी द्या, पोहोच घ्या. वित्त आयोगाच्या निधीतून शाळेची कामे घेता येतात, पण ती गावाच्या विकास आराखड्यात असावी लागतात. म्हणून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडायला समितीचे अध्यक्ष उभे राहू देत, मुख्याध्यापक नव्हे. पालकाने मागितलेले शौचालय आणि गुरुजींनी मागितलेले शौचालय यांना गावात सारखे वजन नसते. सरपंच आणि समितीचे अध्यक्ष यांचे पटत नसेल तर देव तुमचे भले करो, तरी पत्र द्याच.

पूर्तता अहवाल

मुदत अहवालातच दिलेली असते. ती कमी वाटली तर वाढवून मागा, पण कोरी मुदत उलटू देऊ नका. हातात जे झाले आहे त्याचा पहिला अहवाल द्या आणि दुसऱ्याची तारीख लिहा. कारणे दाखवा नोटीस स्वतंत्र आली असेल तर तिचे उत्तर स्वतंत्र द्या, दोन्ही एका पत्रात कालवू नका.

प्रत्येक शेऱ्याला चार गोष्टी: शेरा जसाच्या तसा, काय आढळले, काय केले, पुढे कधी आणि कोण. 'संबंधितांना सूचना दिल्या असून यापुढे दक्षता घेण्यात येईल' हे वाक्य पंचायत समितीतल्या कपाटांत इतके साठले आहे की ते आता कोणाला दिसतही नाही. त्याऐवजी असे लिहा:

'शेरा क्र. २ मान्य. इ. ३ री ते ५ वीच्या ३८ पैकी ३६ विद्यार्थ्यांचे वाचन वैयक्तिकरीत्या तपासले, उर्वरित २ कायम गैरहजर, गृहभेट केली. परिच्छेद वाचू न शकणारे विद्यार्थी १४ (यादी सोबत). दररोज पहिला तास पातळीनिहाय गटात. पुढील तपासणी तीन आठवड्यांनी. दोन विद्यार्थ्यांना दृष्टिदोषाचा संशय, आरोग्य पथकास कळवले.'

यात सुधारणा झाल्याचा दावा नाही. आठ दिवसांत सुधारणा होत नसते, आणि झाली असे लिहिले तर वाचणाऱ्याला संशय येतो. 'मान्य' हा शब्द लिहायला जड जातो, पण तो जिथे खरा आहे तिथे लिहिला की उरलेल्या शेऱ्यांवरचा तुमचा आक्षेप ऐकला जातो. अहवाल केंद्रप्रमुखांमार्फत पाठवा, जावक क्रमांक टाका, शिक्का मारलेली प्रत फाइलला लावा.

फेरतपासणीच्या आधी

दुसरी मोजणी झाली की केंद्रप्रमुखांना स्वतः बोलवा, ते येण्याची वाट बघू नका. यादी द्या आणि म्हणा, साहेब, यातले कोणतेही पाच निवडा आणि वाचून घ्या. न सुधारलेली नावेही त्याच यादीत असू देत, शेजारी कारण. चौदातली सहा-सात मुले तीन महिन्यांत परिच्छेदावर आली तरी ते चांगले काम आहे. दोघे-तिघे जागेवरच राहतील. त्यांच्यासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेषतज्ज्ञांना बोलवा, कारण प्रत्येक अडचण वाचनाची नसते.

मुलांची रंगीत तालीम घेऊ नका. साहेब आले की कोणी काय म्हणायचे, कोणी पुढे बसायचे, कोणाला त्या दिवशी घरी ठेवायचे. हे होते, सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी घरी ठेवलेल्या मुलाला बरोबर कळते की आपल्याला का ठेवले.

मे महिन्यात बदल्या होतात. तुमच्या तीन शिक्षकांपैकी एक जाईल, कदाचित तुम्हीच. शेवटच्या मोजणीची नावनिशीवार यादी, प्रत्येकासमोर अडचण आणि काय लागू पडले, अशी दोन पाने तयार ठेवा. चार्ज देताना डेड स्टॉकमधल्या खुर्च्या आणि तिजोरीच्या किल्ल्या जशा चार्ज यादीत लिहितो तशीच ही यादीही क्रमांक टाकून लिहा आणि घेणाऱ्याची सही घ्या.